संध्याकाळी दीड तास फोन बाजूला : घरात कसं सुरू करायचं आणि मग बिल्डिंगमध्ये, गावात कसं न्यायचं

फोन कमी करायचाय असं आता जवळजवळ प्रत्येक घरात कुणीतरी म्हणतंच, आणि बहुतेक वेळा ते माणूस एकटंच ठरवतं आणि एकटंच दोन दिवस करून बघतं. इन्स्टा डिलीट केलं, मग शेजारी बसलेला भाऊ काहीतरी बघून हसतोय, "अगं हे बघ ना" म्हणून फोन तोंडासमोर धरतोय, झालं, तिसऱ्या दिवशी परत डाउनलोड. यात त्या माणसाचा दोष फार कमी आहे असं माझं स्पष्ट मत आहे. घरात चौघं स्क्रीनमध्ये डोकं घालून बसलेत आणि पाचव्याने मात्र भिंतीकडे बघत बसायचं, हे कुणाकडूनच होणार नाही.

म्हणून मी नवीन माणसाला जो मार्ग सांगते तो असा की दिवसभराचं सोडा, संध्याकाळचा एक ठरावीक वेळ धरा, पण तो सगळ्यांनी एकदम धरा. ही कल्पना माझी नाही. सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव म्हणून गाव आहे, सुमारे ३ हजार वस्तीचं. लॉकडाऊनमध्ये ऑनलाइन शाळेसाठी पोरांच्या हातात फोन आले, शाळा परत सुरू झाली तरी फोन काही परत गेले नाहीत, आणि मोठी माणसंही टीव्ही आणि मोबाईलमध्येच. तर २०२२ च्या १५ ऑगस्टपासून त्या गावाने असं सुरू केलं की रोज संध्याकाळी ७ ला भैरवनाथाच्या देवळावरचा भोंगा वाजणार, त्यासरशी गावातले टीव्ही आणि मोबाईल बंद, आणि ८:३० ला परत भोंगा वाजला की ज्याला पाहिजे त्याने चालू करावं. सरपंच विजय मोहितेंनी हे मांडलं तेव्हा पुरुष मंडळी आधी हसली होती असं तेव्हा बातम्यांत आलं होतं, मग गावातल्या बायकांना एकत्र केलं, त्यांनी सिरियल आपणही फार बघतो हे मान्य केलं आणि तिथून ते पुढे सरकलं. नंतर आशा, अंगणवाडीच्या ताई, निवृत्त शिक्षक घरोघर फिरून सांगत राहिले. पुढे बेळगावजवळच्या हलगा गावातही डिसेंबर २०२४ मध्ये भोंगा लागला, तिथं ७ ते ९.

आता हेच आपल्या घरात कसं करायचं ते एकेक पायरीने सांगते. घाई करू नका, पहिल्या दोन पायऱ्यांना एक अख्खा आठवडा गेला तरी चालेल.

पायरी १ : आधी नुसतं बघा

काहीही बंद करायच्या आधी आपण नेमकं काय करतो ते बघायचं. अँड्रॉइडमध्ये सेटिंग्जमध्ये खाली "डिजिटल वेलबीइंग अँड पॅरेंटल कंट्रोल्स" असतं, आयफोनमध्ये "स्क्रीन टाइम". सापडत नसेल तर सेटिंग्जच्या वरच्या सर्चमध्ये टाका, कारण प्रत्येक कंपनीने ते वेगळ्या जागी ठेवलंय. दोन्हीकडे ही सोय २०१८ पासून आहे पण उघडून बघणारे लोक मला तरी कमीच भेटलेत.

तिथं एकूण तासांचा मोठा आकडा दिसतो, त्याने घाबरू नका, त्यात मॅप, बँक, ऑफिसचं सगळंच असतं. खरं बघायचं ते तीन गोष्टींकडे. कुठलं अ‍ॅप सगळ्यात वर आहे, दिवसात फोन किती वेळा उघडला, आणि कुठल्या अ‍ॅपच्या सगळ्यात जास्त नोटिफिकेशन येतात. दुसरा आकडा मला सगळ्यात बोलका वाटतो कारण त्यातले निम्मे वेळा तरी आपण काहीही काम नसताना उघडलेला असतो.

आणि एक साधी गोष्ट करा, संध्याकाळी ७ ला एकूण तासांचा आकडा कागदावर लिहा आणि रात्री झोपताना परत लिहा. मधला फरक म्हणजे तुमची संध्याकाळ. हे घरातल्या प्रत्येकाने आपापलं करायचं, दुसऱ्याचा फोन उघडून बघायचा नाही, नवऱ्याचा नाही, मुलाचाही नाही, नाहीतर पहिल्याच दिवशी भांडण होऊन हे सगळं बाजूला पडेल. टीव्हीचे तास मात्र कुठंच दिसत नाहीत ते अंदाजाने लिहावे लागतात, आणि टीव्हीवर यूट्यूब लावलं तरी ते टीव्हीच धरायचं.

हिशोब कळावा म्हणून सांगते, रोज अडीच तास रील्स आणि शॉर्ट्समध्ये जात असतील तर वर्षाचे ९१२ तास होतात, म्हणजे रात्रंदिवस धरून ३८ दिवस. मी हा हिशोब लोकांना मुद्दाम कागदावर करायला लावते, तोंडी सांगून तो पोचत नाही.

पायरी २ : वेळ ठरवा

वडगावने ७ ते ८:३० घेतली कारण ती तिथं अभ्यासाची वेळ, स्वयंपाकाची वेळ आणि सिरियलचीही वेळ. तुमच्या घरी तीच असेल असं नाही. पुण्या-मुंबईत माणूस ट्रेन-बसमधून घरी यायलाच ८ वाजतात, तिथं ८:३० ते ९:३० बरी पडते, जेवण त्यातच येतं. दुकान असेल तर दुपारी दुकान बंद असतं ती वेळ चालेल. एमआयडीसीत शिफ्ट असेल तर आठवड्याला वेळ बदलणार, मग शिफ्टचा कागद आणि फोन ठेवायच्या वेळेचा कागद शेजारी शेजारी लावा.

माझा आग्रह दोनच गोष्टींचा. एक, वेळ घड्याळाची असावी, "जेवण झाल्यावर" किंवा "जमेल तसं" असली नको, कारण जेवण कधी होईल यावरच मग वाद. दोन, सुरुवात अर्ध्या तासाने केली तरी चालेल पण ती रोज व्हावी, रविवारी सुद्धा. अर्धा तास नीट बसला की पाऊण, मग एक, असं दीड तासापर्यंत जायचं. पहिल्याच दिवशी दीड तास लावला तर लहान मुलं नाही, मोठी माणसंच आधी उठतात.

अपवाद आधीच बोलून घ्या. आयपीएलच्या मॅच संध्याकाळी ७:३० ला सुरू होतात आणि दोन महिने चालतात, तेव्हा काय करायचं ते मार्चमध्येच ठरवा. काही घरं तेवढे दोन महिने वेळ पुढे-मागे करतात, काही आठवड्याला एकच मॅच ठरवून सगळे मिळून टीव्हीवर बघतात. मला दुसरं जास्त आवडतं, कारण सगळे मिळून एक मॅच बघणं आणि पाच जणांनी पाच फोनवर पाच गोष्टी बघणं यात फार फरक आहे.

पायरी ३ : घरच्यांशी बोला, आणि मुलांपासून सुरुवात करू नका

ही पायरी चुकली की पुढचं काही उपयोगाचं नाही म्हणून इथं जरा थांबते.

बहुतेक घरांत हा विषय निघतो तोच मुळी "ह्या पोराच्या हातात सदानकदा फोन" असा. आणि ते पोरगं बघत असतं की बाबा सोफ्यावर आडवे पडून शॉर्ट्स बघतायत, आई भाजी चिरता चिरता समोर फोन टेकवून सिरियल बघतेय, आजोबा व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला व्हिडिओ फुल आवाजात लावून बसलेत. त्याला कायदा आणि बाकीच्यांना सूट हे त्याला बरोब्बर कळतं. यवतमाळ जिल्ह्यात पुसद तालुक्यातल्या बांशी ग्रामपंचायतीने २०२२ मध्ये १८ वर्षांखालच्या मुलांना मोबाईल बंद असा ठराव केला होता, त्यामागची तळमळ मला समजते, पण घरात सुरू करायचं असेल तर मी तो मार्ग सांगणार नाही. मोठ्यांनी आधी ठेवायचा, मुलांनी नंतर.

तर आधी घरातल्या दोन-तीन मोठ्या माणसांनी मुलं नसताना बोलून घ्या. सिरियल बघणारी आई किंवा सासूबाई असतील तर त्यांना "तुमची सिरियल बंद" असं सांगायचं नाही, त्यांचा दिवसभरातला तो एकच विरंगुळा असतो हे लक्षात ठेवा. सिरियलचा भाग दुसऱ्या दिवशी सकाळी-दुपारी परत लागतो, अ‍ॅपवर पण असतो, तो त्यांना नीट लावून द्या, रिमोटचं कुठलं बटण दाबायचं ते दाखवा, आणि मग विचारा "आई, संध्याकाळचा तेवढा वेळ तुम्ही नातवंडांजवळ बसाल का?" बहुतेक आज्या लगेच हो म्हणतात.

सगळ्यात अवघड गडी असतो तो कमावता माणूस. "मला ऑफिसचे कॉल येतात." येतात ना, कॉल घ्या, कॉलला बंदी नाहीच. आपण बंद करतोय ते स्क्रोल करणं, बघणं, चॅट करणं. रिंग वाजली की उठायचं, बोलायचं, फोन परत जागेवर ठेवायचा. हे स्पष्ट केलं की निम्मा विरोध तिथंच संपतो.

कॉलेजच्या वयाची मुलं असतील तर त्यांच्याशी पाहुण्यांसमोर बोलू नका, एकटं गाठून बोला आणि त्यांच्याकडूनच वेळ मागा. "तुझं सगळं सर्कल ७ ला ऑनलाइन असतं का? मग तू सांग कुठला तास जमेल." त्यांचं मैत्रीचं जग खरंच फोनमध्ये आहे, ते टाइमपास म्हणून उडवून लावलं तर ते पुढचं ऐकतच नाहीत.

पायरी ४ : फोनला जागा द्या

खिशात ठेवून, उशीखाली ठेवून किंवा टेबलावर पालथा ठेवून हे होत नाही. हात जातोच. फोनची एक जागा ठरवा जिथं उठून जावं लागतं, म्हणजे शोकेसवर, फ्रिजवर, पॅसेजमधल्या कपाटावर, तिथं एक टोपली किंवा जुना मिठाईचा डबा ठेवा आणि शेजारी प्लग असेल तर उत्तम, फोन तेवढ्या वेळात चार्जही होतो. सगळ्यांचे फोन एकाच ठिकाणी दिसले पाहिजेत, यात आईबाबांचे फोन आहेत हे मुलांना दिसणं महत्त्वाचं.

ठेवताना इंटरनेट बंद करा, डेटा आणि वायफाय दोन्ही, आणि रिंग मात्र मोठी ठेवा. म्हणजे साधा कॉल आला तर वाजेल. गावाकडच्या आईवडिलांना, शाळेला, दवाखान्यात कुणी असेल तर त्यांना सांगून ठेवा की या वेळात व्हॉट्सअ‍ॅपवर नको, साधा कॉल करा.

मग एक गोष्ट लक्षात येईल की आपण फोन कितीतरी वेळा भलत्याच कामाला उचलतो आणि तिथून आत शिरतो. वेळ बघायला उचलला, व्हॉट्सअ‍ॅप दिसलं, गेला अर्धा तास. म्हणून घरात भिंतीवरचं घड्याळ चालू करा, बंद पडलेलं असेल तर सेल घाला आज. गजराचं घड्याळ आणा. बॅटरी म्हणजे टॉर्च वेगळी ठेवा. दूधवाला, इस्त्रीवाला संध्याकाळी येत असेल तर सुटे पैसे डब्यात काढून ठेवा नाहीतर जीपे करायला म्हणून फोन हातात येतो आणि राहतो. रेसिपी बघून करायची असेल तर आधी कागदावर उतरवून घ्या. हे बारीकसारीक वाटतं पण माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त उपयोग याच गोष्टींचा झालाय, सेटिंग्जपेक्षा जास्त.

पायरी ५ : फोनच्या आतलं आवरा

दीड तास बाहेरून ठरवला तरी उरलेल्या दिवसात फोन ओढत असतोच, त्यामुळे हेही करून टाका, रविवारी सकाळी एक बैठक मारली की होतं.

आधी हे कसं चालतं ते थोडक्यात. पूर्वी वेबसाईटवर पान संपायचं, खाली "पुढे" असं काहीतरी दाबावं लागायचं, तिथं माणूस थांबायचा. २००६ मध्ये आझा रास्किन नावाच्या डिझायनरने न संपणारं स्क्रोलिंग बनवलं, आणि नंतर त्यानेच त्याबद्दल जाहीरपणे पश्चात्ताप व्यक्त केला. आपल्याकडे २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं आणि डेटा इतका स्वस्त झाला की व्हिडिओ बघताना पैशाचा विचारच राहिला नाही. मग २०२० च्या जूनअखेर टिकटॉकवर बंदी आली, त्यानंतर काही दिवसांतच इन्स्टाचे रील्स भारतात आले आणि सप्टेंबरात यूट्यूबचे शॉर्ट्स, तेही आधी भारतातच. हे सगळं लॉकडाऊनच्या वर्षात, माणसं घरात कोंडलेली असताना. त्यामुळे तुम्हाला किंवा तुमच्या मुलाला हे सोडवत नसेल तर कमजोर मन वगैरे काही नाही, ते न थांबण्यासाठीच बनवलंय.

आता काय करायचं. व्हॉट्सअ‍ॅपपासून धरा. ज्या ग्रुपमध्ये नुसते गुड मॉर्निंग आणि फॉरवर्ड येतात ते कायमचे म्यूट करा आणि आर्काइव्ह करा, ग्रुप सोडायची गरज नाही, नातेवाईक दुखावत नाहीत. प्रायव्हसीमध्ये "ग्रुप्स" आहे तिथं "माय कॉन्टॅक्ट्स" करा म्हणजे अनोळखी कुणीही उचलून ग्रुपात टाकणार नाही.

यूट्यूबची वॉच हिस्ट्री बंद करा आणि जुनी पुसून टाका. हे केलं की होम पेज जवळपास रिकामं होतं, समोर काहीही ढकललं जात नाही, तुम्हाला जे बघायचंय ते सर्च करून बघायचं. मला विचाराल तर यूट्यूबसाठी एवढं एकच केलं तरी पुरे. ऑटोप्लेही बंद करा, लहान मुलांच्या टीव्हीवर तर नक्कीच.

इन्स्टामध्ये टाइम मॅनेजमेंट म्हणून आहे तिथं डेली लिमिट लावता येतं. पण त्याहून चांगलं म्हणजे अ‍ॅप काढून टाका आणि ब्राउझरमधून बघा, अकाउंट राहतं, मेसेज राहतात, फक्त उघडणं किचकट होतं आणि तेवढ्यानेच निम्मं कमी होतं.

अँड्रॉइडमध्ये फोकस मोड आहे, त्यात अ‍ॅप निवडा आणि आपली ठरलेली वेळ शेड्यूल करून टाका, ७ वाजले की ती अ‍ॅप आपोआप झोपतात. आयफोनमध्ये तेच काम डाउनटाइम करतं. दोन्हीत "थोडा वेळ चालू करा" असा पर्याय दिसतो, तो दाबायचा नाही हे घरात बोलून ठेवा. स्क्रीन काळी-पांढरी करायचीही सोय आहे, काहींना तिचा खूप उपयोग होतो, काहींना दोन दिवसांत सवय होते, करून बघा. फोन कमी करायला मदत करणारी नवीन पाच अ‍ॅप मात्र डाउनलोड करू नका, त्यात नुसताच अजून वेळ जातो.

ज्यांचा धंदाच फोनवर आहे, साड्या, टिफिन, क्लास, त्यांनी व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस घेऊन त्यात अवे मेसेज वेळ लावून ठेवावा, "७ ते ८:३० आम्ही रिप्लाय देत नाही, त्यानंतर नक्की देऊ". गिऱ्हाईक दीड तास थांबतं.

पायरी ६ : त्या वेळात काय करायचं

फोन ठेवला आणि आता काय, इथं येऊनच सगळे अडतात. रिकामा वेळ तसाच ठेवला तर दहाव्या मिनिटाला कुणीतरी टोपलीकडे जातं. पहिला आठवडा चिडचिड होते, पोरं "बोअर होतंय" म्हणत घरभर फिरतात, मोठी माणसं विनाकारण फ्रिज उघडून बघतात. ते होणारच, तेव्हा रागावू नका आणि लगेच मनोरंजन करायलाही धावू नका. बोअर झालेलं मूल थोड्या वेळाने आपणच काहीतरी काढतं, कागद काढतं, जुने खेळ काढतं, तेवढा दम धरा.

तरी घरात काही वस्तू हाताशी हव्यात. पत्त्यांचा कॅट तर हवाच, बदाम सात, झब्बू, गुलामचोर, मेंढीकोट, यातलं काही ना काही घरात कुणाला तरी येतंच आणि नसेल येत तर आजोबांना विचारा, त्यांना विचारलेलं फार आवडतं. कॅरम असेल तर माळ्यावरून काढा, पावडर आणा. सागरगोटे, सापशिडी, व्यापार. चित्रकलेची वही. वाचनालयाची वर्गणी बहुतेक गावांत फारच कमी असते, आठवड्याला एक पुस्तक आणि दोन मासिकं आली तरी घरात हात घालायला काहीतरी असतं.

आणि कामं. मला तर वाटतं की खेळापेक्षा कामं जास्त टिकतात. मेथी निवडायची, गवार मोडायची, शेंगा फोडायच्या, लसूण सोलायचा, कपड्यांच्या घड्या घालायच्या, हे सगळं एका जागी बसून चार जणांनी करायचं आणि गप्पा आपोआप निघतात, मुलगा समोर बसून बोल म्हटलं तर बोलत नाही पण हातात शेंगा दिल्या की वर्गात काय झालं ते सांगायला लागतो. घरातल्या बाईचं एकटीचं काम यात वाटलं जातं हाही फायदा आहेच आणि तो छोटा नाही.

शाळेची मुलं असतील तर अभ्यास याच वेळात, आणि मोठ्यांनी जवळ बसून आपलंही काहीतरी वाचायचं किंवा लिहायचं, महिन्याचा हिशोब, वाणसामानाची यादी काहीही. "तू अभ्यास कर" म्हणून आपण आत जाऊन पडायचं नाही. जेवण या वेळात येत असेल तर सगळे एका पंगतीला बसा, वाढणारीसकट.

कुणाला काहीच करायचं नसेल तर त्याला नुसतं बसू द्या, गॅलरीत उभं राहू द्या, एक फेरी मारून येऊ द्या. हा वेळ काहीतरी शिकण्यासाठी वापरायचा असा धोशा लावलात तर लोक पळतील.

पायरी ७ : एका घरातून चार घरांत

महिनाभर घरात नीट बसलं की शेजारी सांगा. मुलांसाठी तर हे लागतंच, कारण तुमचं मूल फोन ठेवून खाली खेळायला गेलं आणि खाली कुणीच नाही तर ते परत वर येणार.

आमच्या कॉलनीत हे चार घरांपासून सुरू झालं आणि तेवढंच पुष्कळ असतं. ज्या घरांत एकाच वयाची मुलं आहेत ती घरं निवडा. मीटिंग घ्या पण ती आधी बायकांची घ्या, वडगावचा धडा हाच आहे. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लांबलचक मेसेज टाकून काही होत नाही, दारात जाऊन चहा पीत बोलावं लागतं. जी हो म्हणतील ती घरं, बाकीच्यांना आग्रह नाही, दंड नाही, नावं वाचून दाखवणं नाही, कोण ऑनलाइन दिसतंय यावर नजर ठेवणं तर अजिबात नाही. निवृत्त शिक्षक-शिक्षिका कुणी असतील तर त्यांना पुढे करा, त्यांचा शब्द लोक ऐकतात आणि त्यांना वेळही असतो.

खूण आवाजाची हवी. प्रत्येकाने आपापल्या घड्याळात बघायचं ठरवलं की ते मोडतं. बिल्डिंगमधलं देऊळ असेल तर घंटा, नाहीतर वॉचमनकाकांना सांगून शिट्टी, मुलांपैकी एकाला आठवड्याची ड्युटी दिली तर पोरं ती जीव लावून करतात. ग्रुपचा अ‍ॅडमिन तयार असेल तर तेवढ्या वेळापुरतं "ओन्ली अ‍ॅडमिन" करून ठेवायचं म्हणजे पाण्याच्या टँकरचा निरोप सोडून दुसरं काही येत नाही.

गावात करायचं असेल तर ग्रामसभेत विषय घ्या. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या दिवशी ग्रामसभा होतातच, त्याआधी ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना (पूर्वीचे ग्रामसेवक) भेटून विषयपत्रिकेत घालायला सांगा, आयत्या वेळी उभं राहून बोललात तर गटारीच्या आणि पाण्याच्या विषयात ते वाहून जातं. आणि सभेच्या आधी आठवडाभर अंगणवाडीच्या ताई, आशाताई, शाळेचे मुख्याध्यापक यांच्याशी बोलून ठेवा. भोंगा बसवणं सोपं आहे, तो वाजल्यावर पहिले काही आठवडे घरोघर जाणारी माणसं मिळणं हे खरं काम.

काही अडचणी, ज्या येतातच

शाळेचा होमवर्क व्हॉट्सअ‍ॅपवर येतो आणि तोही रात्री ८ ला. चार-पाच पालकांनी मिळून बाईंना विनंती करा की ६ च्या आत पाठवा, बहुतेक शिक्षकांनाही ते हवंच असतं. तोवर एका पालकाने बघून वहीत उतरवून बाकीच्यांना साध्या कॉलवर सांगायचं.

मुलगा-मुलगी परदेशात असेल तर त्यांचा व्हिडिओ कॉल नेमका याच वेळी येतो, अमेरिकेत तेव्हा सकाळ असते. तो कॉल घ्या. फक्त एका फोनवर, सगळे समोर बसून, आणि कॉल संपला की फोन टोपलीत. असे कॉल या वेळेचा भागच धरा.

पाहुणे आले तर त्यांना टोपली दाखवू नका. तुमचे फोन ठेवलेले बघून काही जण आपणहून ठेवतात, नाही ठेवला तर राहू दे.

एखाद दिवस मोडेल, लग्नघर, आजारपण, निवडणुकीचा निकाल. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला परत सुरू, त्यावर चर्चा करत बसू नका.

आणि एक गंभीर गोष्ट. फोन काढून घेतला की मूल मारायला धावतं, दिवसेंदिवस जेवत नाही, शाळेत जायचं बंद झालंय, रात्र रात्र जागं असतं, किंवा गेमसाठी घरातून पैसे जातायत, तर हे टोपलीने सुटणारं नाही आणि ओरडून तर नाहीच. १४४१६ हा सरकारचा मानसिक आरोग्यासाठीचा टेलिमानस नंबर आहे, फुकट आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं, आधी तुम्ही स्वतः फोन करून विचारा. बंगळुरूच्या निमहान्स या मानसिक आरोग्याच्या सरकारी संस्थेत २०१४ पासून शट क्लिनिक नावाने याच त्रासासाठी वेगळा दवाखाना चालतो, म्हणजे हा डॉक्टरांकडे नेण्याइतका खरा त्रास आहे, लाजायचं काही कारण नाही. जवळच्या मानसोपचार तज्ज्ञांकडे न्या, लवकर न्या.

महिन्यानंतर

पायरी १ चा कागद काढा आणि परत तेच आकडे लिहा, प्रत्येकाने आपापले. संध्याकाळचा आकडा खाली आलेला असेल, पण तो वेळ रात्री ११ नंतर सरकलाय का तेही बघा, बऱ्याच जणांचं असं होतं. तसं झालं असेल तर पुढचं काम ठरलं, टोपली रात्रीही तिथंच राहणार, चार्जर बेडरूममधून बाहेर काढायचे आणि गजर त्या नव्या घड्याळावर लावायचा. सुरुवात परत मोठ्यांनीच करायची.